लटारू लोहाराचं भांडण

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. म्हणजे इतकी जुनी, की ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली त्यांची नातवंडंसुद्धा आता उरली नाहीत, आणि ज्यांनी ऐकली त्यांच्यात प्रत्येकाची थोडी वेगळी आहे. वऱ्हाडात तिवसाळी नावाचं गाव होतं, अजून आहे. गावाच्या उगवतीला नाला, नाल्याच्या अलीकडे लिंबाचं झाड आणि लिंबाखाली लटारू लोहाराची भट्टी. आधीची पोरं जगली नव्हती, म्हणून आईने याचं नाव मुद्दाम वेडंविद्रं ठेवलं होतं. काळाची नजर अशा नावावर जात नाही, असं म्हणतात. तशी ती गेलीही नाही, लटारू चांगला सत्तरी पाहून गेला.

लटारू विळे करी, कोयते करी, नांगराचा फाळ पाजवून देई. पण त्याचं नाव झालं ते मिटत्या चाकूमुळे. मिटला की मुठीत मावणारा, बंडीच्या खिशात राहणारा. खैराच्या लाकडाची मूठ, मुठीच्या पोटात पोलादाची पट्टी, आणि त्या पट्टीवर ताठ उभं राहणारं पातं. मिटताना चाकूने ‘टक’ असा एकच आवाज करायचा. आवाज खुळखुळला की लटारू तो चाकू गिऱ्हाइकाला दाखवायचाही नाही, सरळ विस्तवात टाकायचा.

एकाने म्हणे शेतात बसून त्या चाकूने टरबूज कापलं. कापलं तरी टरबूज आहे तसंच. चाकू हुकला वाटून तो उठला, तेव्हा कुठे टरबुजाच्या दोन फाकी झाल्या. दुसऱ्या एकाचं बोट कापलं, ते त्याला घरी येऊन हात धुताना कळलं. तिसऱ्याचा चाकू बाभळीच्या खोडात तीन पावसाळे रुतून राहिला आणि काढला त्या दिवशी त्याने त्याच चाकूने दाढी केली. यातलं खरं किती ते ज्याचं त्याने ठरवावं. पण चाकू नामी होता, यात दोन मतं नाहीत.

धार पाहायची लटारूची रीत एकच. पातं स्वतःच्या डाव्या हातावरून अलगद फिरवायचं. लव उडाली की चाकू झाला. त्यामुळे त्याचा डावा हात कोपरापर्यंत कायम तुळतुळीत असायचा.

आता तिवसाळीतली एक समजूत सांगितली पाहिजे. धारेची वस्तू हातातून हातात द्यायची नाही, दिली तर दोघांत भांडण होतं. ही समजूत बऱ्याच गावांत आहे. विळी, कात्री, चाकू खाली ठेवतात, दुसरा माणूस उचलून घेतो, संपलं. पण तिवसाळीचे लोक फार जपून वागणारे. ते म्हणायचे, लटारू दिवसभर धारेशी खेळतो, त्याच्या हातालाच धार लागली असणार. मग चाकूच का, त्याच्या हातातून काहीच घ्यायला नको. आणि गावात लोहार हा एकच. त्याच्याशी बिनसलं तर ऐन पेरणीत फाळ कोण पाजवून देणार?

म्हणून भट्टीसमोर एक सपाट काळा दगड होता. लोक येत, मोडका विळा आणि धान्य त्या दगडावर ठेवत, काम सांगत आणि चार पावलं मागे सरत. लटारू पुढे येई, उचलून नेई. काम झालं की दगडावर ठेवी आणि मागे सरे. तंबाखूची पुडी दगडावर. लग्नाच्या अक्षता पळसाच्या पानावर, पान दगडावर. संक्रांतीचा तीळगूळसुद्धा दगडावर. लोक गोड बोलत, हसून बोलत, “काय लटारूभाऊ, बरं हाय नं?” असं रोज विचारत. कोणी त्याचा कधी अपमान केला नाही. त्याच्याशी भांडण नको, एवढीच सगळ्यांची इच्छा होती.

आई होती तोवर ती गरम भाकरी त्याच्या हातावर ठेवी. ती गेली आणि मग लटारूच्या हाताला माणसाचा हात लागला नाही. मुली सांगून येत, पण लग्नात हातात हात द्यावा लागतो, आणि बोलणी तिथे अडत. अशी वीस वर्षं गेली. वीस वर्षांत त्याला जो काही स्पर्श झाला, तो पात्याचा. दुपारी भाता थांबला की तो लिंबाखाली बसून दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवी आणि त्यांच्याकडे पाहत राही. लांबून बघणाऱ्याला वाटे, हा माणूस काहीतरी मागतो आहे.

नाल्याच्या पलीकडे कौतिका नावाची बाई राहायची. जातीची माळीण, लटारूहून चार-पाच वर्षांनी मोठी, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. तिची जीभ अशी, की विहिरीवर ती दिसली की बाकीच्या बायका घागरी अर्ध्या भरून निघून जात. तीही एकटी आणि तोही एकटा, पण मध्ये नाला होता, आणि दोघांनाही आपण होऊन ओलांडायची सवय नव्हती.

कौतिकाच्या वाडीत संत्र्याचं एक झाड होतं. त्या भागात तेव्हा संत्र्याच्या बागा नव्हत्या, हे एकच झाड. नवऱ्याने कुठून तरी लांबून आणून लावलेलं. फळ इतकं गोड, की खाणारा थोडा वेळ बोलायचा नाही, असं म्हणतात. ते झाड एका वर्षी शेंड्याकडून वाळू लागलं. खोडातून डिंक गळायला लागला, पानं पिवळी पडली. बी लावून उपयोग नव्हता, बियांची रोपं आंबट निघत. आता उपाय एकच राहिला. झाडाच्या फांदीवरचा जिवंत डोळा सालीसकट अलगद काढायचा, जंबेरी नावाच्या काटक लिंबाच्या रोपाची साल चिरून त्यात बसवायचा आणि केळीच्या सोपटाने बांधायचा. डोळा जगला तर झाड जगलं.

कौतिकाने थंडी पडताच डोळे बांधायला सुरुवात केली. चाकू अर्थातच लटारूचा. डोळे बांधले, ते काळे पडले. पुन्हा बांधले, पुन्हा काळे पडले. झाडावर एकच हिरवी फांदी उरली, तिच्यावर एकच डोळा. तेव्हा ती पदर खोचून निघाली, नाला ओलांडून भट्टीवर आली आणि चाकू दगडावर आपटला.

“लटारू, तुया चाकू काई कामाचा नाई!”

लटारूच्या हातातला हातोडा हातातच राहिला. त्याच्या चाकूला नाव ठेवणारं माणूस आजवर निघालं नव्हतं.

“काऊन?” तो म्हणाला. “धार तं हाय.”

“सकाळी हाय. दुपारी नाई. दहा खेप उघडला, दहा खेप मिटला का धार गेली. डोळा निघत नाई, चेंदून जाते बिचारा. माया एकच डोळा राह्यला हाय. तो मेला तं समजजो, मीच मेली.”

एवढं बोलून ती आली तशी गेली. लटारूने चाकू उचलला आणि दगडावर बसला. वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त त्याला काहीतरी निराळंच वाटत होतं, ते काय हे त्याला कळेना. कोणीतरी आपल्यावर रागावून गेलं होतं. म्हणजे आपल्यापर्यंत आलं होतं.

मग त्याने तो चाकू उघडला, मिटला, उघडला, मिटला, कान लावून ऐकला. दोन दिवस दुसरं काम केलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याला चूक सापडली. मिटताना पात्याची धार मुठीतल्या पट्टीला केसभर घासत होती. प्रत्येक वेळी ‘टक’ वाजला की चाकू स्वतःचीच धार थोडी खात होता. ज्या आवाजावर सगळं गाव खूश होतं, तोच आवाज चूक होता. वीस वर्षं प्रत्येक चाकूत ती चूक होती आणि वीस वर्षं कोणीच काही बोललं नव्हतं. लोकांना कळलं नसेल का? कळलं असेल. पण लटारूशी वाकडं कोण घेणार?

नवा चाकू करायला त्याने साधं पोलाद घेतलं नाही. आईची विळी त्याने इतकी वर्षं जपून ठेवली होती, तिच्या हातांनी झिजून तिचं पातं बोटभर उरलं होतं. ते त्याने काढलं. विस्तवात घालताना तो रडला, असं म्हणतात, आणि हे मात्र खरंच असावं. पातं गव्हाच्या रंगावर आलं तसं त्याने पाणी दिलं. पट्टी अशी घासली, की चाकू मिटला तरी धार कशालाही शिवू नये. मग कुरुंदाच्या दगडावर धार काढत बसला. शेवटी चाकू मिटून पाहिला. मिटताना त्याचा आवाज झाला नाही.

तो चाकू घेऊन लटारू स्वतः नाला ओलांडून गेला. कौतिका वाडीत जंबेरीच्या रोपापुढे बसली होती. हिरवी फांदी तिने कापून ओल्या फडक्यात घेतली होती. घरातल्या दुसऱ्या एका जुन्या चाकूने रोपाची साल चिरून झाली होती, आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी तिने ती उघडी धरून ठेवली होती. बोटं काढली तर साल मिटणार, आणि वारा कोरडा सुटला होता.

लटारू चाकू बांधावर ठेवायला वाकला.

“मातीत ठेवू नको!” कौतिका ओरडली. “धारेले माती लागली तं संपलं. हातात दे.”

“बाई, हातात देल्ला तं भांडन होते.”

कौतिकाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तिचा उजवा हात पसरलेलाच होता.

“मंग होऊ दे नं,” ती म्हणाली. “भांडाले तरी कोन हाय मले? दे.”

लटारूने चाकू उघडला. पातं आपल्या चिमटीत धरलं, मूठ तिच्याकडे केली आणि चाकू तिच्या हातात ठेवला. तिची बोटं त्याच्या बोटांना लागली. खरबरीत, थंड, मातीने भरलेली बोटं. वीस वर्षांनी त्याला माणसाचा हात लागला, आणि चाकू कधीच देऊन झाला तरी त्याला आपला हात मागे घ्यायचं सुचेना.

कौतिकाने डोळा उचलला. असा उचलला, की फांदीला पत्ता लागला नाही. सालीत सरकवला, सोपटाने बांधला. सूर्य बुडायच्या आत डोळा फुगला आणि त्याला पान फुटलं, असं म्हणतात. कलमं बांधणारे म्हणतात, पंधरा दिवस तरी लागतात. असो. डोळा जगला, एवढं खरं. आज त्या मुलखात जितकी संत्र्याची झाडं आहेत ती सगळी त्या एका डोळ्याची लेकरं आहेत, असं तिवसाळीचे लोक छातीठोकपणे सांगतात.

आणि भांडणही झालं. दुसऱ्याच दिवशी कौतिका भट्टीवर हजर. “मूठ हातात फिरते तुया चाकूची!” लटारू म्हणाला, “धरता येत नाई तं मूठ का करन?” झालं, जुंपली. गाव लिंबाच्या आडून बघत राहिलं आणि म्हणालं, पाहा, आम्ही सांगत नव्हतो? मग रोजच भांडण. भट्टीचा धूर वाडीवर येतो म्हणून. भाता रडतो म्हणून. भांडता भांडता ती पदराखालून भाकरी काढून त्याच्या हातावर ठेवी, तो खाता खाता म्हणे, करपवली. लटारू चाकूत रोज काही ना काही सुधारत गेला, कारण रोज काही ना काही ऐकावं लागत होतं. अकरा वर्षं हे भांडण चाललं. लटारूच्या आयुष्यातली बरी वर्षं तेवढीच. पण गावाला दिसलं ते फक्त भांडण. समजूत खरी ठरली म्हणून लोक दगडापासून चारच्या जागी सहा पावलं मागे उभे राहू लागले.

मग एका थंडीत कौतिका तापाने गेली.

लटारू दुसऱ्या दिवशी तिच्या यायच्या वेळेला भट्टीच्या दारात उभा राहिला. तिसऱ्या दिवशीही राहिला. पुढे एक नवीनच सुरू झालं. कोणी चाकू न्यायला आलं की तो विचारी, “मागच्या चाकूत काई खोट हाय का?”

“नाई बावा, एक नंबर.”

“पाय बरं नीट. काई तं असंनच.”

“नाई नाई, तुया हातचा चाकू म्हन्जे काय बोलाव!”

असं जो तो म्हणे आणि मागे सरे. गोड बोलून बोलून गावाने त्याला वाळवला. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, पण लटारू दिवसेंदिवस खंगत गेला. गावात दोनशे माणसं होती, आणि त्याच्यावर रागवायला त्यातलं एकही तयार नव्हतं.

तेव्हा लटारूने जन्मात केलं नव्हतं ते केलं. त्याने वाईट चाकू केला, मुद्दाम. पातं कच्चं, खिळा ढिला, धार नावाला. दगडावर ठेवला आणि मागे सरला. महादा माळी तो घेऊन गेला. आता येईल, लटारूने मनाशी धरलं, आता भांडायला येईल. तो दारात वाट बघत बसला. महादा आला नाही. लटारूने दुसरा केला, त्याहून वाईट. तिसरा केला. वर्षभरात गावातल्या घराघरांत लटारूचे बोथट चाकू गेले. ज्याला त्याला वाटलं, आपल्यालाच खराब मिळाला, म्हातारा झाला बिचारा, कशाला बोला. भाजी चिरली जाईना, कौतिकाच्या झाडावरून गावाने संत्र्याचे डोळे बांधले ते सगळे काळे पडले, आणि रस्त्यात लटारू भेटला की लोक म्हणत, “लटारूभाऊ, चाकू झकास हाय.”

एका सकाळी भाता ऐकू आला नाही.

महादा बघायला गेला तर भट्टीतली राख अजून कोमट होती, ऐरणीवर हातोडा होता, लटारू नव्हता. गावाने नाला पालथा घातला, डोंगराच्या पायथ्याची रानं धुंडाळली. तीन दिवस शोधलं. कोणी म्हणालं, नाल्याच्या उगमाकडे जाताना पाहिला. कोणी म्हणालं, कौतिकाच्या वाडीत शिरताना पाहिला, बाहेर येताना नाही.

चौथ्या दिवशी माणसं दमून भट्टीसमोर बसली. कोणीतरी तंबाखू काढायला खिशात हात घातला, त्याच्याबरोबर चाकू बाहेर आला. महादा म्हणाला, “तुया कसा हाय? माया तं पार गचाळ निंगाला.” पहिला म्हणाला, “मायाही.” तिसरा म्हणाला, “मले वाटे, मायाच.” एकेकाने आपला चाकू काढून दगडावर ठेवला. दगड भरला. सगळे बोथट, सगळे खुळखुळणारे. ज्याने खुळखुळणारा चाकू कोणाला दाखवलाही नव्हता, त्याने हे आपल्याला का दिले, ते मग हळूहळू एकेकाच्या ध्यानात आलं.

पहिल्यांदा महादा उठला. रिकाम्या भट्टीकडे तोंड करून तो ओरडला, “लटारू! काय चाकू देल्ला रे हा! लाज वाटत नाई?” मग बायका उठल्या, म्हातारे उठले. “विस्तव लावा तुया चाकूले!” “माये डोळे मेले तुयापाई!” सगळं गाव भट्टीपुढे उभं राहून भांडत होतं, शिव्या देत होतं, आणि रडत होतं. महादा तर चार पावलांची हद्द ओलांडून आत गेला, दोन्ही हात पसरून म्हणाला, “ये नं बे बाहेर, हातात दे माया चाकू!”

तेव्हा भात्याने एक लांब श्वास सोडला, असं म्हणतात. घरी जाऊन लोकांनी चाकू मिटले, तर एकाही चाकूचा आवाज झाला नाही, आणि सकाळी प्रत्येकाला धार होती. लटारू मात्र आला नाही. आधी भांडले असते तर आला असता.

तिवसाळीत आता चौफेर बागा आहेत. थंडीत डोळे बांधायचा पहिला दिवस आला, की आजही कोणी चाकू बाहेर काढत नाही. आधी गावात जी जी माणसं एकटी राहतात त्यांच्याकडे जायचं. दारातूनच ओरडायचं, काय हे अंगण, काय हा चहा, जिभेला चटका बसला. भांडायचं, अगदी मनापासून, आणि निघताना त्यांच्या हातून काहीतरी हातात घ्यायचं. याला लटारूचं भांडण म्हणतात. कोणाचं घर चुकू नये म्हणून आदल्या दिवशी चावडीवर नावं वाचतात.

त्या दिवशी गावाच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या पहाटेच उठतात. घर सारवतात, अंगण झाडतात, आणि एक कोपरा तसाच केराचा ठेवून देतात. भाजीत मीठ मूठभर जास्त घालतात. मग दार उघडं टाकून उंबऱ्यात बसून राहतात.